घरच्या पवनचक्कीचा रेक्टिफायर: पंखा घरघरतो, खांब थरथरतो आणि बॅटरी काही भरत नाही

ऐरोलीकर
नमस्कार मंडळी. ऐरोलीला खाडीच्या अंगाला आमचं रो हाउस आहे. गच्चीवर छोटी पवनचक्की उभी केली आहे. तीन पाती, व्यास साधारण दीड मीटर, परमनंट मॅग्नेटचा थ्री फेज अल्टरनेटर (तीन वायरींवर, म्हणजे तीन फेजवर, एसी वीज देणारं जनित्र) आणि खाली १२ व्होल्टची ट्यूब्युलर बॅटरी. यंत्र जुनं घेतलंय, आधी कर्जतकडे एका फार्महाउसवर होतं.

त्याच्यासोबत आलेला रेक्टिफायर (एसी वीज बॅटरीसाठी डीसी करणारा भाग) म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर बसवलेले सहा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग). तो जोडला की चांगला वारा असूनही पाती जेमतेम फिरायची, ब्रेक लावून ठेवल्यासारखी. ओळखीच्या वायरमनने ती पट्टी काढून चौकोनी, चार पायांचा रेक्टिफायर बसवून दिला. आता पाती फिरतात. पण वारा वाढला की खांब थरथरतो, घर्र असा आवाज खालच्या खोलीपर्यंत ऐकू येतो आणि अ‍ॅमीटरचा काटा दीड-दोन अँपिअरच्या वर जायला तयार नाही. वरून तीन वायरी येतात, त्यातल्या दोनच जोडल्यात. तिसरी ‘डेड आहे’ म्हणून टेप मारून ठेवलीय.

शनिवारी लॅमिंग्टन रोडला जाणार आहे. जास्त अँपिअरचा रेक्टिफायर आणावा का? दुपारी दोननंतर खाडीवरून इतका छान वारा येतो की तो असा वाया जाताना बघवत नाही.

सोल्डरगन
चार पायांचा म्हणजे सिंगल फेजचा ब्रिज रेक्टिफायर. त्यात चार डायोड असतात. थ्री फेजला सहा लागतात. दोनच वायरी जोडल्या तर अल्टरनेटरच्या पोटातला भार सारखा राहत नाही, प्रत्येक फेऱ्यात तो धक्क्याधक्क्याने येतो. तुमचा घर्र आवाज आणि खांबाची थरथर त्यातूनच. ३५ ऐवजी ५० अँपिअरचा आणलात तरी दोनच फेज वापरणार असाल तर काडीचा फरक पडणार नाही.

वागळे वाइंडर
सोल्डरगन बरोबर सांगतायत, पण ऐरोलीकर, खरेदीला जायच्या आधी थांबा. तिसरी वायर डेड का झाली, हे कुणी विचारलंच नाही. वाइंडिंगचा (अल्टरनेटरमधल्या तारेच्या गुंडाळ्यांचा) एक फेज असा गुपचूप मरत नाही. जळला तर वास येतो, वार्निश काळं पडतं आणि शेजारचे फेजही भाजतात. तीस वर्षं मोटारी गुंडाळतोय. लोक रेक्टिफायर बदलत बसतात आणि दोष वायरीत निघतो.

असं करा. वारा पडलेला असताना, शक्यतो सकाळी लवकर, तिन्ही वायरी रेक्टिफायरपासून सोडवा आणि आधी एकमेकींना पिळून शॉर्ट करा. तेवढ्याने पाती जड होतात, एकदम पळत नाहीत. मोकळ्या वायरींवर जोराच्या वाऱ्यात पन्नास-साठ व्होल्ट सहज येऊ शकतात, त्यामुळे फिरत्या पंख्याच्या उघड्या टोकांना हात लावायचा नाही. पाती दोरीने बांधून टाका, मग पिळा सोडा आणि मीटर २०० ओहमवर ठेवा.

आधी प्रोब एकमेकांना टेकवून आकडा बघा. स्वस्त मीटरमध्ये ०.२ - ०.३ तिथेच येतो, तो नंतर वजा करायचा. मग १-२, २-३, १-३ अशा तिन्ही जोड्या मोजा. तिन्ही आकडे सारखे हवेत. किती आला यापेक्षा सारखा आला का, हे महत्त्वाचं. त्यानंतर प्रत्येक वायर आणि खांब यांच्यात मोजा, तिथे काहीच यायला नको. आकडे इथे टाका.

ऐरोलीकर
धन्यवाद काका. आज सकाळी मोजलं. प्रोब टेकवून ०.३. वायर १-२ मध्ये १.१. २-३ मध्ये कधी काहीच नाही, कधी ७, कधी १५. १-३ मध्येही तसंच. मुलाला खांब हलवायला सांगितलं, तर आकडा नाचतो. खांबाशी कुठलीही वायर लागत नाही.

वागळे वाइंडर
मग वाइंडिंग ठणठणीत आहे, असं जवळजवळ धरून चाला. तार तुटली असती तर आकडा नाचला नसता, मीटरने सरळ ओपन, म्हणजे सलग रस्ताच नाही, असं दाखवलं असतं. हलवल्यावर बदलतो म्हणजे कुठेतरी सांधा नीट टेकत नाहीये. दोन जागा तपासा. एक, पाइपच्या आतला जोड. दुसरी, माथ्यावरची स्लिप रिंग. यंत्र वाऱ्याकडे तोंड वळवतं तेव्हा वायरीला पीळ पडू नये म्हणून तिथे तीन पितळी कड्या आणि त्यांवर टेकलेले कार्बन ब्रश असतात. खाडीच्या खाऱ्या हवेत ब्रशमागची स्प्रिंग गंजते आणि ब्रश नुसता कडीला चिकटल्यासारखा राहतो, दाब उरत नाही.

खांब खाली घ्यावा लागेल. एकट्याने करू नका. तणावे सोडताना एक माणूस नुसता दोरी धरायला हवाच.

ओहमताई
वागळेकाकांच्या मताशी पूर्ण सहमत. त्यात एक भर घालते. तुमच्या वायरमनने तिसरी वायर उगाच सोडली नाही. त्याला तिच्यावर व्होल्टेज मिळालं नसणार, मग त्याने जे चालत होतं तेवढं चालू करून दिलं. पण थ्री फेज यंत्र दोन फेजवर चालवत राहिलात तर त्या दोन वाइंडिंगवरच सगळा भार येतो आणि थरथरीने बेअरिंग आणि खांबाचे बोल्ट सैल होतात. सध्या वायरी शॉर्ट करून पंखा थांबवून ठेवा, ही कळकळीची विनंती.

आणि ती जुनी सहा डायोडची पट्टी फेकली नसेल तर तीही तपासा. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा. लाल प्रोब एसीच्या टोकाला आणि काळा प्लस पट्टीला लावला की ०.४ ते ०.७ च्या मध्ये आकडा यायला हवा. प्रोब उलटे केले की काहीच येता कामा नये. तिन्ही टोकांना हेच करायचं. मायनसच्या बाजूला लाल प्रोब मायनस पट्टीवर आणि काळा एसीच्या टोकावर. असे सहा डायोड, प्रत्येक दोन्ही दिशांनी. एकेक डायोड तपासताना एसीच्या वायरी काढलेल्या असू द्या, नाहीतर वाइंडिंगमधून दुसराच रस्ता मिळून फसगत होते.

ऐरोलीकर
खांब खाली घेतला. भाऊ आणि शेजारचे दोघं मदतीला होते. स्लिप रिंग बऱ्यापैकी आहे, ब्रश अर्धे झिजलेत पण दाब आहे. दोष खाली, पाइपच्या आत निघाला. आधीच्या मालकाकडे केबल तोकडी पडली असावी, म्हणून तिथे प्लास्टिकच्या कनेक्टर पट्टीवर तिन्ही वायरी जोडून वर नुसती टेप गुंडाळलेली. टेप सोडली तर आत हिरवट-पांढरा थर, तिसऱ्या वायरीचा स्क्रू फिरवायला गेलो तर डोकंच हातात आलं. तांब्याचे बारीक तार काळे पडून भुगा होत होते.

तो तुकडा कापून वायर पुन्हा मोजली. १-२, २-३, १-३, तिन्हीकडे १.१.

पट्टीचे डायोडही मोजले. प्लसच्या बाजूचे दोन, पहिल्या आणि दुसऱ्या फेजचे, दोन्ही दिशांनी ०.००. तिसरा ०.५२, ठीक. मायनसच्या बाजूचे दोन ठीक आणि एक कुठल्याच दिशेने काही दाखवत नाही.

ओहमताई
छान मोजलंत! तुमचं पहिलं कोडं इथेच सुटलं. प्लसच्या बाजूचे दोन डायोड शॉर्ट म्हणजे पहिला आणि दुसरा फेज प्लस पट्टीवर एकमेकांना थेट जोडले गेले. वायरी पिळून शॉर्ट केल्या की पंखा थांबतो, तेच इथे रेक्टिफायर स्वतःच करत होता. म्हणून पाती ब्रेक लागल्यासारखी.

पारसिकचा वारा
मग बॅटरी उतरली कशी नाही? डायोड शॉर्ट असेल तर बॅटरीतला करंट उलटा वाइंडिंगमध्ये जायला हवा ना?

ओहमताई
चांगला प्रश्न. शॉर्ट झालेले दोन्ही एकाच बाजूचे आहेत. बॅटरीच्या प्लसमधून करंट वाइंडिंगपर्यंत येईल, पण मायनसला परत जायला वाट हवी आणि त्या बाजूचे उरलेले डायोड त्याला अडवतात. प्लसचा एक आणि मायनसचा एक, असे दोन शॉर्ट झाले असते तर बॅटरी रात्रीतून रिकामी झाली असती आणि वायरी तापल्या असत्या. वारा नसतानाही बॅटरी उतरते आणि पाती घट्ट धरून ठेवल्यागत वाटतात, अशी तक्रार असेल तर पहिला संशय त्याचाच घ्यायचा.

सोल्डरगन
पण डायोड गेले कशाने? वीज पडली असेल का जवळपास? कर्जतकडे पावसाच्या सुरुवातीला भरपूर कडकडाट असतो.

वागळे वाइंडर
शक्य आहे, पण माझा संशय वेगळा. दोन शॉर्ट आणि एक जळून उघडा, हे बॅटरी उलटी जोडल्याचं लक्षण वाटतं. बॅटरी सरळ असताना डायोड तिला अडवून धरतात. प्लस-मायनस उलटे झाले की सहाही डायोड तिच्या करंटला वाट देतात, मध्ये अडवणारं काहीच नसतं. बॅटरी शेकडो अँपिअर देऊ शकते. डोळ्याचं पातं लवायच्या आत काम तमाम. फ्यूज होता का बॅटरीला?

ऐरोलीकर
फ्यूज नव्हता. जुन्या मालकांना फोन लावला. ते म्हणाले, बॅटरी बदलली त्या दिवशी क्लॅम्प लावताना मोठी ठिणगी उडाली होती, आणि तेव्हापासून पंखा मंद झाला. काका, तुमचा अंदाज तंतोतंत.

आता पुढचं सांगा. थ्री फेजचा एकसंध मोड्यूल घेऊ की आणखी काही पर्याय आहे? चौकोनी ब्रिज एक माझ्याकडे आहेच.

सोल्डरगन
तसलाच आणखी एक आणा, काम होईल. अंगावर केबीपीसी ३५१० असा नंबर असेल तर ३५ अँपिअर, १००० व्होल्टचा असतो. दोन ब्रिजचे मिळून एसीचे चार पाय होतात. पहिल्या ब्रिजच्या दोन एसी पायांना पहिला आणि दुसरा फेज. दुसऱ्या ब्रिजच्या एका एसी पायाला तिसरा फेज, उरलेला एसी पाय मोकळा सोडायचा आणि त्यावर स्लीव्ह चढवायची. दोन्ही प्लस एकत्र, दोन्ही मायनस एकत्र. झाले सहा डायोड कामाला. कुठला फेज कुठे, याचा क्रम काहीही असला तरी रेक्टिफायरला फरक पडत नाही, त्यामुळे वायरींच्या रंगावरून डोकं शिणवू नका.

पाय ओळखताना मात्र घाई नको. ब्रिजच्या चार पायांतलं एक पातं बाकीच्या तिघांच्या काटकोनात वळलेलं असतं, कोपराही तिथे तासलेला असतो. ते प्लस. त्याच्या कर्णावर समोरचं मायनस. उरलेले दोन एसी. तरीही जोडण्यापूर्वी मीटरने खात्री करा, अंगावरचा छाप पुसट असतो.

वागळे वाइंडर
हीटसिंक विसरू नका. एका वेळी दोन डायोडमधून करंट जातो, दोन्हींत मिळून सुमारे दीड व्होल्ट पडतो. १० अँपिअरला १५ वॉट, २० ला ३० वॉट, सगळी उष्णताच. पत्र्याच्या डब्यात नुसता स्क्रूने आवळलेला ब्रिज एवढं सोसत नाही. फिन असलेलं जाड अ‍ॅल्युमिनियम घ्या, मधे थर्मल पेस्टचा पातळ थर, फिन उभ्या ठेवा म्हणजे गरम हवा वर निघून जाईल. आणि लग (वायरीच्या टोकाला बसवायचं धातूचं कनेक्टर) क्रिम्प करून, म्हणजे दाबून घट्ट करून घ्या. तार नुसती पिळून पायाला सोल्डर केली की सतत तापून-गार होऊन सांधा कमकुवत होऊ शकतो.

पारसिकचा वारा
शॉट्की डायोड वापरले तर? त्यांत व्होल्ट कमी पडतात असं वाचलंय. १२ व्होल्टच्या यंत्रात दीड व्होल्ट म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त जातं.

ओहमताई
तुमचं गणित बरोबर आहे आणि मोह होण्यासारखाच आहे. पण बरेचसे शॉट्की डायोड उलट्या दिशेने ४०-६० व्होल्टच सोसतात. बॅटरी जोडलेली आहे तोवर ठीक. एखादा लग निसटला, फ्यूज उडाला की पंखा मोकळा सुटतो आणि व्होल्टेज त्याच्या कितीतरी वर जातं. डायोड नेमके तेव्हाच जातात. घ्यायचेच तर १०० व्होल्टच्या वरचे घ्या. ऐरोलीकरांनी मात्र आत्ता साधेच वापरावेत. आधी यंत्र भरवशाचं होऊ दे.

घोडबंदर
मध्येच विचारतो. माझ्याकडे सोलरचा कंट्रोलर पडून आहे. रेक्टिफायरचे प्लस-मायनस पॅनेलच्या जागी जोडले तर चालेल का?

वागळे वाइंडर
नाही. बॅटरी भरली की सोलरचा कंट्रोलर पॅनेलला तोडतो. पॅनेलला त्याने काही होत नाही, ते नुसतं उन्हात पडून राहतं. पवनचक्कीला तोडलं तर तिचा भारच जातो, पाती सुसाट सुटतात आणि वाढलेल्या व्होल्टेजने तुमचा कंट्रोलर पहिला मरतो. वाऱ्यासाठीच्या कंट्रोलरमध्ये जादा वीज जाळायला डंप लोड असतो. पंख्याला कायम काहीतरी ओढायला हवं. अशा कंट्रोलरला बहुतेकदा तीन फेजची तीन टोकंच असतात, रेक्टिफायर त्याच्या पोटातच. तिथे बाहेर वेगळा लावायची गरज नसते.

घोडबंदर
वाचलो. जोडणारच होतो.

ऐरोलीकर
दुसरा ब्रिज आणि हीटसिंक आणलं. पाइपमधला जोड काढून वरपासून खालपर्यंत एकसंध केबल टाकली. दोन प्रश्न उरलेत. फ्यूज कुठे टाकायचा? आणि थांबवण्यासाठी स्विच कुठे? दर वेळी वायरी पिळणं बरं वाटत नाही.

ओहमताई
फ्यूज बॅटरीच्या प्लसला अगदी लागून, ३० अँपिअरचा. तो उडाला तर पंखा मोकळा होईल हे लक्षात ठेवा, म्हणून ब्रेक त्याच्यावर अवलंबून नको. ब्रेकचा स्विच रेक्टिफायरच्या आधी, एसीच्या बाजूला. तीन पोलचा चाकू स्विच किंवा चेंजओव्हर घ्या, एका बाजूला तीन फेज आणि दुसऱ्या बाजूची तिन्ही टोकं एकमेकांना जोडलेली. चेंजओव्हर असेल तर मधल्या बंद जागेवर क्षणभरही थांबवू नका, तिथे पंखा मोकळा असतो. डीसीच्या बाजूला शॉर्ट करायचा विचारही करू नका, तिथे बॅटरी बसलीय.

वागळे वाइंडर
आणि एमसीबी ब्रेक म्हणून लावू नका. बरेच जण लावतात. ब्रेक मारल्यावर करंट वाढला की एमसीबी ट्रिप होतो आणि भर वाऱ्यात, गरज असते तेव्हाच, ब्रेक सुटतो. वादळी वाऱ्यात पूर्ण वेगात असताना स्विच मारणंही टाळा, वाइंडिंग भाजतं. झोत ओसरला की मारा. आषाढातला वारा यायच्या आधीच सवय करून घ्या.

ऐरोलीकर
काल खांब पुन्हा उभा केला. घर्र आवाज गेला. खांबाला हात लावून बघितलं, थरथर नाही, नुसता पात्यांचा सूं आवाज येतो. दुपारच्या वाऱ्यात अ‍ॅमीटर ४ ते ६ अँपिअर, एका झोतात ९ पर्यंत गेला. हीटसिंक कोमट.

फक्त सकाळच्या मंद वाऱ्यात पाती फिरतात पण काटा शून्यावर. अजून काही राहिलंय का?

ओहमताई
काही राहिलेलं नाही, ते तसंच असतं. दोन फेजमधल्या एसी व्होल्टेजला १.३५ ने गुणलं की रेक्टिफायरनंतरचं डीसी मिळतं, त्यातून डायोडचे दीड व्होल्ट वजा. बॅटरी १२.६ वर असेल तर चार्जिंग सुरू व्हायला एसीच्या बाजूला साडेदहा व्होल्टच्या आसपास लागतात. पाती त्या वेगाला पोचेपर्यंत काटा हलणार नाही.

वाऱ्याचंही गणित बघा. दीड मीटर व्यासाच्या पात्यांना सेकंदाला ४ मीटरच्या वाऱ्यात सुमारे ६८ वॉट भेटतात. घरगुती यंत्राने त्यातला चौथा हिस्सा पकडला तर १७ वॉट, म्हणजे दीड अँपिअरही नाही. वारा दुप्पट, ८ मीटर झाला की ताकद आठपट, १३० वॉटच्या पुढे. अशा यंत्रांच्या डब्यावर ४०० वॉट छापलेलं असतं ते १२-१३ मीटरच्या वाऱ्याचं. तसा वारा आपल्याकडे पावसाळ्यातल्या झोतांतच येतो. तुमचे ४ ते ६ अँपिअर अगदी प्रामाणिक आकडा आहे.

सोल्डरगन
केबल किती चौरस मिमीची टाकलीत?

ऐरोलीकर
४ चौरस मिमी तांबं. माथ्यापासून बॅटरीपर्यंत साधारण १५ मीटर.

सोल्डरगन
चालेल. जाऊन-येऊन ३० मीटर धरलं तर ०.१४ ओहम. ६ अँपिअरला एक व्होल्टही पडत नाही. पावसाळ्यात २० अँपिअर यायला लागले तर पावणेतीन व्होल्ट केबलमध्येच जातील, तेव्हा ६ किंवा १० चौरस मिमीचा विचार करा. अडीचची टाकली असती तर आत्ताच जाणवलं असतं.

वागळे वाइंडर
पाइपच्या खालच्या तोंडाला केबल बाहेर येते तिथे थोडी खाली लोंबती ठेवा, पाणी केबलवरून ओघळत डब्यात शिरणार नाही. लगांवर ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावा, खाडीच्या हवेला तेवढंच अडवतं. खांबाला अर्थिंग केलंय ना? नसेल तर पाऊस सुरू व्हायच्या आत करा. आणि ब्रश अर्धे झिजलेत म्हणालात, तर त्याच मापाचे तीन ब्रश आणून ठेवा. दसऱ्याला खांब खाली घ्याल तेव्हा बदलून टाका.

ऐरोलीकर
अर्थिंग उद्याच करून घेतो. ब्रशचं माप घेतलं आहे, फोटो टाकतो. तसे ब्रश वागळे इस्टेटमध्ये मिळतील का?

वागळे वाइंडर
माप पाठवा. थोडे मोठे असतील तर घासून बसवता येतात.